ही अळी कुणाची?

मृग लागला की आमच्या नातेवाइकांत दोन तऱ्हेचे फोटो फिरायला लागतात. पहिले धबधब्यांचे, दुसरे अळ्यांचे. धबधब्याखाली सगळे "वा!" एवढंच लिहितात. अळीच्या फोटोखाली मात्र तीन प्रश्न ठरलेले. ही कसली अळी? विषारी आहे का? काय फवारू? त्यातही उत्तर हवं असतं ते तिसऱ्याचंच. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो, कारण तोवर कुणाच्या तरी हातावर गांधी उठलेल्या असतात आणि अळी झाडूखाली गेलेली असते.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. विज्ञानाशी माझा संबंध, विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांच्या वर्गावर जाऊन बसण्यापुरता. पण निवृत्त झाल्यावर वेळच वेळ मिळाला आणि वाटलं, ह्या पहिल्या प्रश्नाचाच इतिहास का शोधू नये? अंगाला खाज आणणाऱ्या, काटे टोचणाऱ्या ह्या प्राण्याची ओळख माणसाने कशी पटवली? वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच सांगून टाकते. अळीचं नाव-गाव ज्यांना कळलं त्या सगळ्यांनी तिला मारण्याऐवजी पाळलं होतं. दुसरा मार्ग तेव्हा नव्हताच.

आधी आपली भाषा पाहू. अंगावर केस असले तर सुरवंट, नसले तर अळी, इतकी आपली सोपी वाटणी. शेतकरी त्यापुढे जातो आणि तिला पिकाशी जोडतो. घाटे खाते ती घाटेअळी, बोंड पोखरते ती बोंडअळी, झुंडीने येते ती लष्करी अळी. ही नावं नुकसानीवरून पडलेली आहेत. पण घाटेअळीचा पुढे जो पतंग होतो त्याला काय म्हणतात, हे गावात विचारून पाहा. कुणी सांगणार नाही. अळी शेतात दिसते, पतंग दिव्यावर दिसतो आणि दोघांचं नातं सांगणारा शब्द आपल्याकडे नाही. हे काही मराठीचं वैगुण्य नव्हे. जगभर हीच अडचण होती.

आपल्या जुन्या ग्रंथांत कीटकांच्या विषाचा विचार झालेला आहे. सुश्रुतसंहितेतल्या कल्पस्थानाचा शेवटचा अध्याय कीटकांचाच आहे. त्यात कीटकांचे चार गट केलेत. वात बिघडवणारे 18, पित्त बिघडवणारे 24, कफ बिघडवणारे 13 आणि तिन्ही दोष बिघडवून प्राणच घेणारे 12. केवढी शिस्त! पण ही वाटणी प्राण्याच्या रूपावरून नाही, चावल्यावर माणसाच्या अंगात काय होतं त्यावरून आहे. वैद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्याला रोगी बरा करायचा होता. पण त्यामुळे आज त्यातली कितीतरी नावं नुसती नावं उरली आहेत. ती नेमकी कुणाची होती हे खात्रीने सांगता येत नाही.

अळीचं पुढे काय होतं, ह्याबद्दल आपल्याकडे एक सुंदर कल्पना होती. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंची गोष्ट येते. एकनाथांनी ह्या स्कंधावरची टीका काशीत 1573 मध्ये पूर्ण केली, ती आपण एकनाथी भागवत म्हणून वाचतो. त्या चोवीस गुरूंत एक कुंभारीण आहे. भिंतीवर मातीचं घर करणारी माशी. ती अळी पकडून आणते, घरात कोंडते आणि अळी भीतीने तिचंच ध्यान करता करता शेवटी तिच्यासारखीच होते. ज्याचं ध्यान करावं ते रूप मिळतं, हा त्यातला बोध. वर्गात मी हे शिकवलं तेव्हा मुलांना फार आवडायचं.

बोध बाजूला ठेवून नुसतं निरीक्षण पाहिलं तरी आश्चर्य वाटतं. कुणीतरी ती माशी अळी नेताना पाहिली होती. घर लिंपलेलं पाहिलं होतं. आणि दिवस मोजून, त्याच घरातून माशी बाहेर पडलेली पाहिली होती. पाहिलेलं सगळं खरं, मध्ये बंद मातीच्या आत काय झालं तेवढंच दिसलं नव्हतं. माशी अळीला नांगी मारून लुळी करते, तिच्याजवळ अंडं घालते आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं. घर फोडून आत पाहिलं असतं तर कळलं असतं, पण मग गुरू कसला मिळाला असता?

युरोपातही फार वेगळं नव्हतं. अळीपासून फुलपाखरू होतं हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होतं. पण अळी कुठून येते, तर हिरव्या पानातून आपोआप उपजते, असं त्याने लिहून ठेवलं आणि पुढची जवळजवळ दोन हजार वर्षं ते चालत राहिलं. 1668 मध्ये फ्रान्सेस्को रेडी नावाच्या इटालियन वैद्याने मांसावर कापड बांधून दाखवलं की माशीने अंडी घातली नाहीत तर त्यात किडे पडत नाहीत. त्याच सुमारास जर्मनीत एक मुलगी घरात अळ्या पाळत होती. तिचं नाव मारिया सिबिला मेरियन.

ही बाई मला फार आवडली. जन्म 1647, फ्रँकफुर्टचा. सावत्र वडील चित्रकार होते, त्यांच्या हाताखाली ती चित्रकला शिकली. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळायला घेतले आणि मग दिसेल ती अळी घरी आणायला लागली. लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी घरात डबे आणि त्यात अळ्या चालूच. 1679 मध्ये तिचं सुरवंटांवरचं पुस्तक निघालं, त्यात 50 चित्रं. त्या काळी विद्वान लोक लॅटिनमध्ये लिहीत. हिने आपल्या जर्मन भाषेत लिहिलं. मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या मला ह्याचा किती आनंद झाला असेल ते सांगायला नको!

तिने नवं काय केलं? एकाच चित्रात तिने अळी, तिचा कोश आणि त्यातून आलेला पतंग दाखवला, आणि हे सगळं ज्या झाडाचं पान ती अळी खाते त्या झाडावर. हे आज आपल्याला साधं वाटतं, कारण आपल्या पाठ्यपुस्तकातली चित्रं तशीच असतात. पण त्याआधी कीटकांची चित्रं कोऱ्या कागदावर ओळीने मांडलेली असत. अळी एका पानावर, पतंग दुसऱ्या पानावर, झाड कुठेच नाही. झाड चित्रात आणलं आणि ओळखीची अर्धी वाट मोकळी झाली. काही वेळा कोशातून पतंग न येता माशा बाहेर पडल्या. तेही तिने लिहून ठेवलं. म्हणजे आपल्या कुंभारणीच्या गोष्टीतलं कोडं तिच्याही डब्यात निघालं होतं.

1699 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ही बाई धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये गेली. खर्चासाठी आपली चित्रं विकली. दोन वर्षांनी, 1701 मध्ये, आजारी होऊन परतली आणि 1705 मध्ये 60 चित्रांचा मोठा ग्रंथ काढला. त्यातल्या एका चित्रात आपल्या अंगणातला शंकासूर आहे आणि त्यावर अळी. त्या झाडाबद्दल तिला तिथल्या गुलाम बायकांनी माहिती दिली होती. त्याचं बी खाऊन आम्ही गर्भ पाडतो, आमची मुलं गुलाम म्हणून जन्माला येऊ नयेत म्हणून, असं त्यांनी सांगितलं आणि मेरियनने ते पुस्तकात जसंच्या तसं नोंदवलं. अळ्यांच्या पुस्तकात हे वाचायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. पण ज्या बाईला अळी पाहायची तर झाड पाहावं लागतं हे कळलं, तिला झाडाखाली राबणारी माणसंही दिसली, ह्यात नवल काय?

इथपर्यंत अळी कुणाची हे कळायला लागलं. पण ती खाजवते का? ह्या प्रश्नाच्या मागे दोन फ्रेंच माणसं लागली. पहिला रेओम्यूर. 1734 ते 1742 ह्या काळात त्याने कीटकांवर सहा जाडजूड खंड लिहिले. फ्रान्समध्ये काही सुरवंट रांगेने चालतात, पुढच्याच्या शेपटाला मागच्याचं डोकं लावून, आपल्या प्रभातफेरीसारखे. त्यांची रेशमी घरटी हाताळताना रेओम्यूरच्या बोटांना आणि डोळ्यांना अनेक दिवस खाज सुटली होती.

दुसरा झाँ-आंरी फाब्र. हा आमच्या जातीचा, म्हणजे मास्तर! जन्म 1823. आविन्योंमध्ये शिकवायचा. संध्याकाळच्या मोफत वर्गात मुलींनाही बसू दिलं आणि फुलात बी कसं धरतं हे त्यांच्यासमोर सांगितलं, म्हणून गावात ओरड झाली आणि त्याला नोकरी आणि राहतं घर, दोन्ही सोडावं लागलं. पुढे 1879 मध्ये त्याने सेरिन्यां गावी एक खडकाळ जमीन घेतली आणि 1915 मध्ये मरेपर्यंत तिथेच कीटक पाहत राहिला. त्याच्या दारातल्या पाइन झाडांवर दर हिवाळ्यात त्या रांगेने चालणाऱ्या सुरवंटांची घरटी होत. दुसऱ्या कुणी ती काढून जाळली असती. ह्याने ठेवली. 1896 च्या जानेवारीअखेर एका मोठ्या कुंडीच्या काठावर त्याने त्यांची रांग गोल जुळवून दिली, तर ते सात दिवस त्याच काठावर फिरत राहिले. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते.

मला त्याचा दुसरा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याने सुरवंटांच्या टाकलेल्या कातीतलं विष ईथरमध्ये उतरवलं, तो अर्क टिपकागदाच्या तुकड्यात घेतला आणि तो तुकडा स्वतःच्या हातावर बांधला. रात्रभर आग. मग सूज, फोड आणि कातडी पूर्ववत व्हायला कितीतरी दिवस. हे सगळं त्याने शांतपणे लिहिलं आहे. त्यावरून त्याने सिद्ध केलं की त्रास नुसत्या केसाच्या टोचण्याचा नाही, केसाबरोबर येणाऱ्या द्रव्याचा आहे. हे द्रव्य अळीच्या शरीरातल्या टाकाऊ मलातून येतं असा त्याचा निष्कर्ष होता, तो पुढे टिकला नाही. आज माहीत आहे की ह्या सुरवंटांच्या सूक्ष्म, काटेरी केसांतच प्रथिनं असतात आणि आपलं शरीर त्यांच्यावर उसळतं. केस सहज सुटतात, वाऱ्यावर उडतात. म्हणून सुरवंट गेल्यावरही त्याची कात, त्याचं घरटं, त्याचा कोश खाजवतो.

आता घराजवळ येऊ. 15 सप्टेंबर 1883 ला मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. आठांत सहा साहेब आणि दोन आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे बंधू. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. ज्या रखमाबाईंनी पुढे नवऱ्याच्या खटल्याला तोंड दिलं आणि डॉक्टर झाल्या, त्याच. शाळेत मी ही नावं समाजसुधारणेच्या धड्यात शिकवत होते. ती पतंग-फुलपाखरांच्या इतिहासातही भेटतील हे ठाऊक नव्हतं.

सहा साहेबांपैकी दोघांचा आपल्या विषयाशी संबंध. एक कर्नल चार्ल्स स्विनहो, पतंगांचा मोठा संग्राहक. दुसरा एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, टोपणनाव 'एहा'. हा जन्माने सातारकर! 1851 ला साताऱ्यात जन्म, वडील मिशनरी. 1870 ते 1876 पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवायचा, नंतर मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात नोकरी. 1883 मध्येच त्याचं एक गमतीदार पुस्तक आलं. बंगल्याच्या आत-बाहेर वावरणारे उंदीर, मुंग्या, कावळे, डास ह्यांना त्याने सरहद्दीवरच्या टोळ्या कल्पून त्यांच्याशी आपलं परराष्ट्र धोरण काय असावं ते लिहिलंय.

त्या काळी हिंदुस्थानातल्या पतंगांची मोठी यादी झाली ती जॉर्ज हॅम्पसनची, 1892 ते 1896 मध्ये चार खंडांत. हॅम्पसन पूर्वी निलगिरीत चहाचा मळेवाला होता. ह्या कामाचं मोल फार आहे. पण अशा याद्या मुख्यतः टाचणी लावलेल्या पतंगांवरून होतात. पतंग दिव्यावर येतो, पकडता येतो, वाळवून विलायतेला पाठवता येतो. अळी वाळवून पाठवली तर तिचा रंग जातो, आकार जातो, झाड तर इथेच राहतं. म्हणजे मेरियनने जोडलेलं पुन्हा तुटायची पाळी.

ते जोडायचं काम ज्यांनी केलं ते कारवारच्या बाजूला. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात. तिथे तीन अधिकारी एकत्र आले. जेम्स डेव्हिडसन मुलकी खात्यातला, एहा मिठाच्या खात्यातला आणि टी. आर. बेल जंगलखात्यातला. तिघंही अळ्या पाळत. 1890 मध्ये डेव्हिडसन आणि एहाने मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या-कोशांवर टिपणं छापली. पुढे बेलला घेऊन उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर मोठी लेखमाला केली. 1920 मध्ये निवृत्त झाल्यावर बेल विलायतेला गेलाच नाही. कारवारलाच राहिला, 1948 मध्ये तिथेच वारला. त्याची बहीण ईवा त्याच्याबरोबर राहायची आणि अळ्या पाळायला मदत करायची. 1937 मध्ये बेल आणि स्कॉट ह्यांचा एका पतंगकुळावरचा खंड निघाला, त्यावर ईवाचं नाव नाही. रोज ताजी पानं घालणं, विष्ठा काढणं, मुंग्यांपासून जपणं, ह्या कामांना पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जागा नसते. घरात पाळणा हलवलेल्या कुणालाही हे नव्याने सांगायला नको.

त्या 1937 च्या खंडातल्या अळ्यांबद्दल एक सांगते, कारण त्यांचेही फोटो मला येतात. तिळाच्या झाडावर बोटाएवढी जाड, हिरवी-पिवळी अळी आणि शेपटावर शिंग! पाहूनच माणूस मागे सरतो. पण ते शिंग टोचत नाही आणि अंगावर एकही केस नाही. अगदी गरीब प्राणी. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावरची हिरवी अळीही तशीच. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडेल, एवढंच. भयंकर दिसणं आणि भयंकर असणं ह्यात फरक असतो, आणि तो कारवारच्या त्या डब्यांतून कळला.

उलट उदाहरण आमच्या शाळेतलं. एकदा सातवीतल्या मुलाने एरंडाच्या पानावरची एक अळी आणली. पोपटी रंग, पाठीवर निळे पट्टे, दोन्ही बाजूंनी काटेरी तुऱ्यांच्या रांगा. पाय दिसतच नव्हते, गोगलगायीसारखी सरकायची. वर्गात सगळ्यांनी "किती छान!" म्हटलं. आणणाऱ्याने मात्र बोट तोंडात धरलं होतं. वीज लागावी तसा झटका बसला म्हणाला. मी लोणच्याची रिकामी बरणी मागवली, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि रोज एक ताजं पान घालायचं काम त्याच्याकडेच दिलं. काही दिवसांनी अळीने बरणीच्या भिंतीला तपकिरी, टणक, सुपारीसारखा कोश केला. मुलं विसरून गेली. तो विसरला नाही. एका सकाळी कोशाला गोल झाकणासारखं तोंड उघडलेलं आणि फडक्याला एक लहानसा पतंग चिकटलेला. पंखांचा मधला भाग पोपटी, कडा तपकिरी. पुढे पुस्तकात नाव मिळालं, पॅरासा लेपिडा. आंब्यावर, नारळावर, डाळिंबावर, गुलाबावरही ती असते. 'लेपिडा' म्हणजे लॅटिनमध्ये देखणी, गोड. नाव ठेवणाऱ्यासमोर वाळलेला पतंग असणार. अळीला बोट लावलेल्या माणसाने हे नाव ठेवलं असतं का, असं त्या मुलानेच मला विचारलं होतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गाने तसाच प्रयोग केला तेव्हा कोशातून पतंग आला नाही, छोट्या माश्या बाहेर पडल्या. मुलं हिरमुसली. मी त्यांना अवधूताची गोष्ट सांगितली आणि मेरियनसारखीच ती माशांची तारीख फळ्यावर लिहायला लावली.

कुणी म्हणेल, हे सगळं हौसेचं झालं. एवढी ओळख पटवून करायचंय काय? त्याला उत्तर ब्राझीलमध्ये आहे. 1989 च्या सुमारास दक्षिण ब्राझीलमधल्या शेतवस्त्यांत माणसं एका विचित्र आजाराने दवाखान्यात यायला लागली. अंगावर निळे-जांभळे डाग, हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, काहींची मूत्रपिंडं निकामी आणि काहींचा मृत्यू. कारण निघालं लोनोमिया नावाचा सुरवंट. तो झाडाच्या सालीच्या रंगाचा असतो आणि खोडावर थव्याने बसतो. माणूस सहज झाडाला टेकतो आणि एकदम कितीतरी सुरवंटांचे काटे टोचतात. त्या विषाने रक्त गोठवणारे घटक शरीरात वापरून संपतात आणि मग रक्त थांबतच नाही. साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेने 1990 च्या दशकात त्याच्या काट्यांच्या अर्कावरून घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार केलं, आपल्या परळच्या हाफकिनमध्ये सापाच्या विषावरचं होत असे तसंच. पण हे प्रतिविष फक्त लोनोमियावर चालतं. म्हणजे डॉक्टरला आधी कळायला हवं की चावलेला सुरवंट कुठला. तिथे "ही कसली?" हा प्रश्न जिवाचा आहे.

घाबरू नका, लोनोमिया आपल्या देशात नाही. आपल्याकडचे बहुतेक सुरवंट खाज, आग, गांधी ह्यापलीकडे जात नाहीत. पण आपल्याकडे ओळख नसल्याची किंमत दुसरंच कुणी मोजतं. गेल्या पावसाळ्यात भाच्याकडे शेवग्याच्या खोडावर तपकिरी केसाळ सुरवंटांचा थर जमला. त्यातला एक धाकटीच्या मानेवर पडला, पोर रात्रभर रडली आणि सकाळी घरात ठरलं की झाड तोडायचं. सासूबाईंनी लावलेलं, वीस वर्षं शेंगा देणारं झाड. मोबाइलने फोटो पाहून तीन वेळा तीन वेगळी नावं सांगितली. मी दोनच प्रश्न विचारले. दिवसा ते कुठे असतात? खोडावर, एकत्र. आणि पानं कधी खातात? रात्री. झाड शेवगा, सवय ही, तर तो बहुधा युप्टेरोटी मॉलिफेरा, शेवग्याचाच सुरवंट. तो मोठा झाला की कोश करायला खाली मातीत उतरतो आणि हंगाम संपतो. दिवसा एका जागी जमतो म्हणजे सापडायलाही सोपा. भाच्याने पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा, तोंडाला फडकं असा वेष करून लांब दांड्याच्या झाडूने ते साबणाच्या पाण्यात पाडले, झाडाखालची कपड्यांची दोरी हलवली आणि पोरांना काही दिवस त्या बाजूला जाऊ दिलं नाही. कुऱ्हाड परत गेली.

तर मंडळी, एवढ्या इतिहासातून घरी वापरण्याजोगं काय मिळतं ते थोडक्यात. टोचणाऱ्या अळ्या ढोबळपणे दोन तऱ्हेच्या. पॅरासासारखी काटेरी, गोगलगायीच्या चालीची, बहुतेकदा पानाच्या मागे. तिचा झटका लगेच बसतो. दुसरी केसाळ. तिचे केस सुटून कपड्यांवर, दोरीवर, चटईवर पडतात आणि खाज मागाहून येते. कुठलीही असो, चोळायचं नाही. चोळलं की केस आत जातात. त्या जागी चिकटपट्टी लावून अलगद ओढायची, दोन-चार वेळा, दर वेळी नवी. मग साबणपाणी, मग बर्फ. कपडे बदलून वेगळे धुवायचे. डोळ्यात केस गेला, दम लागला किंवा तोंड सुजलं तर घरगुती काही करत बसू नका, तडक डॉक्टर. आणि जाताना अळीचा फोटो न्या. फोटोत झाडाचं पान येऊ द्या. झाडाशिवायचा फोटो म्हणजे पत्त्याशिवायचं पाकीट.

मी एक दोनशे पानी वही केली आहे. डावीकडे झाड आणि तारीख, मध्ये अळी कशी दिसली, उजवीकडे तिच्यातून काय निघालं. उजवीकडच्या बऱ्याच जागा कोऱ्या आहेत, काही ठिकाणी नुसतं 'माश्या' लिहिलंय. शेवटच्या पानांवर सुरवंटांची घरगुती नावं लिहायला घेतली आहेत. आमच्या माहेरी शेवग्यावरच्याला एक नाव होतं, सासरी दुसरं. तुमच्या आजीच्या तोंडी काय होतं, आणि ती ते कुठल्या झाडावरच्या सुरवंटाला म्हणायची, एवढं मला कळवा. नाव एकटं नको. झाडासकट हवं.